आठ तासांचा महामार्ग आणि चार खाड्या

नकाशावरची ती रेघ वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ सुरू होते आणि सिंधुदुर्गात गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीला संपते. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला मंजुरी दिली, तेव्हा तिची लांबी ८०२ किलोमीटर सांगण्यात आली. जिल्हे बारा. खर्चाचा अंदाज ८६ हजार कोटींच्या पुढे, आणि त्यातले २०,७८७ कोटी रुपये भूसंपादन व नियोजनासाठी त्याच बैठकीत मंजूर झाले. पण लोकांच्या लक्षात राहिला तो वेगळाच आकडा. अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येणार! सकाळी पवनारहून निघायचं आणि दिवस मावळायच्या आत समुद्रात पाय घालायचे, असे बेत वर्ध्यातल्या घराघरांत आतापासून शिजू लागले आहेत.

रस्ता व्हायचा तेव्हा होईल. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी तो आडवला आहे, आखणी पुन्हा पुन्हा बदलते आहे. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर असा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग असताना त्याला समांतर दुसरा कशाला, हा विरोधकांचा प्रश्नही काही उडवून लावण्यासारखा नाही. लागणारी जमीन सुमारे २७ हजार एकर. ज्या पवनारच्या आश्रमातल्या विनोबांनी गावोगाव फिरून लाखो एकर जमीन नुसती मागून मिळवली, त्याच गावाजवळून निघणाऱ्या रस्त्याला मोबदला देऊनही जमीन मिळेना, यावर वर्धेकर काय म्हणायचे ते म्हणतातच.

समजा, हा महामार्ग उद्या तयार झाला. तरी ते आठ तास समुद्र ‘गाठण्याचे’ आहेत, समुद्रकिनारा पाहण्याचे नाहीत. विदर्भातल्या कुटुंबांचे कोकणचे बेत फसतात ते नेमके इथे. घाट उतरला की किलोमीटरचा हिशेब बदलतो, आणि तो बदलतो हे ना प्रवाशाच्या वहीत असते, ना सरकारच्या जाहिरातीत.

पवनारकरांना वेगाची चव समृद्धी महामार्गाने आधीच लावली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. येळाकेळीला वर चढले की गाडी थेट भिवंडीजवळच्या आमण्यालाच उतरवता येते. ताशी १२० ची मुभा आहे. त्यामुळे ‘सहाशे किलोमीटर म्हणजे सहा-सात तास’ हे समीकरण डोक्यात पक्के बसले आहे. मग सुट्यांचा बेत ठरतो तो असा: पहिल्या दिवशी अलिबाग, दुसऱ्या दिवशी मुरुड-जंजिरा करून हरिहरेश्वर, तिसऱ्या दिवशी दापोली-गुहागर-गणपतीपुळे, चौथ्या दिवशी मालवण, पाचव्या दिवशी गोवा, आणि येताना कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन. गाडीत सात माणसे. त्यात दोन आज्या आणि एक लेकुरवाळी. वाटेत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि वर्ध्याचा गोरसपाक.

हा बेत कागदावर चुकीचा दिसत नाही, हीच त्याची गंमत. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा. समृद्धीच्या हिशेबाने पाच तासांचे काम. प्रत्यक्षात हा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, गावाच्या ऐन बाजारातून, देवळाच्या पायऱ्यांना घासून जातो. समोरून एसटी आली की एकाला मागे सरावे लागते. ताशी तीस-पस्तीसची सरासरी पडली तर चालक हुशार म्हणायचा. म्हणजे नुसती चाके फिरण्याचेच पंधरा-सोळा तास झाले. त्यात आंघोळी, जेवणे, समुद्रातून बाहेर यायला तयार नसलेली पोरे आणि दर वळणावर थांबवून काढलेले फोटो अजून धरलेलेच नाहीत.

खाड्या तर त्याहून वेगळ्या.

अलिबागहून किनारा धरून रत्नागिरीला जायचे तर चार खाड्या पाण्यावरून ओलांडाव्या लागतात. आगरदांडा ते दिघी ही राजपुरीची खाडी. बागमांडला ते वेशवी ही सावित्रीची, रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवरची. दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची. तवसाळ ते जयगड ही शास्त्रीची. चारही ठिकाणी गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. स्थानिक लोक या बोटीला जंगलजेटी म्हणतात. दाभोळची सेवा २००३ मध्ये सुरू झाली आणि तिने दापोली-गुहागरचा संसारच बदलून टाकला. खाडीचे पाणी ओलांडायला काही मिनिटे लागतात. बोट चुकवून खेड-चिपळूणचा वळसा घेतला तर शंभरहून अधिक किलोमीटर वाढतात.

विदर्भातल्या सरळसोट रस्त्यांवर हात बसलेल्या चालकाची खरी परीक्षा इथे होते. बोट धक्क्याला लागते, पुढची लोखंडी फळी खाली येते आणि सिमेंटच्या उतारावर खणकन आदळते. आधी डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया आणि शाळेची पोरे उतरतात, मग दुचाक्या, मग गाड्या. मग चढणाऱ्यांची पाळी. खलाशी कधी गाडी उलटी घ्यायला लावतो, आणि तो हाताने ‘या, या, या’ म्हणत असताना आरशात नुसते पाणी दिसत असते. ओहोटीला उतार जास्त जाणवतो, बसकी गाडी असेल तर खालून घासते. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकून बंद करायची आणि खाली उतरून कठड्याला उभे राहायचे. पवनारहून आलेल्या आजीला धाम नदीपलीकडे नदी ठाऊक नसते असे मुळीच नाही. पण पाण्यावर चारचाकी तरंगते आहे आणि शेजारी मच्छीची टोपली घेतलेली बाई निवांत गप्पा मारते आहे, हे दृश्य तिला किल्ल्यापेक्षा जास्त दिवस पुरते.

म्हणून किनाऱ्याचा बेत आखताना किलोमीटर बाजूला ठेवावेत आणि खाड्या मोजाव्यात. दिवसाला एक खाडी, फार तर दोन. पहिली बोट केव्हा, शेवटची केव्हा, रविवारी रांग किती लागते, हे आधी फोन करून विचारावे. मुक्काम शक्यतो खाडीच्या अलीकडे न ठेवता पलीकडे ठेवावा, म्हणजे सकाळी बोटीच्या मागे धावायला नको. पावसाळ्यात बेत असेल तर तो वेगळाच आखावा लागतो. जंजिऱ्याची आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी त्या दिवसांत बंद असते, आणि ‘एवढ्या लांबून आलो’ हे कारण समुद्र ऐकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्यांत आलेले पाहुणे मे अखेरीस पोहोचतात आणि किल्ला काठावरूनच पाहून परततात, हा दरवर्षीचा अनुभव आहे.

इथे सातासमुद्रापलीकडचा एक दाखला उपयोगी पडेल. तो अगदीच परका नाही. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, आणि आई मिरियम वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्वन या किनारी गावची. डिसेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानपदावर असतानाच ते कुटुंबासह वराडला येऊन गेले. कोकण आणि आयर्लंड यांच्यात सोयरिकीचा असा धागा असल्यावर दोन्ही किनाऱ्यांची तुलना करायला हरकत नसावी.

आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधला समुद्र सर्वांत अरुंद जागी वीसएक किलोमीटरचा आहे. म्हणजे पवनारहून वर्ध्याला एकदा जाऊन यावे, जेमतेम तेवढा. तरीही तिथे पूल नाही. बोरिस जॉन्सन यांनी पुलाची हौस फार मिरवली, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या पाहणी अहवालाने खर्च ३३५ अब्ज पौंड सांगितला आणि विषय मिटला. त्यामुळे आजही आयर्लंडच्या किनारी गावांतून स्कॉटलंडच्या किनारी गावांत गाडी न्यायची, तर लार्न किंवा बेलफास्टहून केर्नरायनची बोट धरावी लागते. सुमारे दोन ते सव्वादोन तास. तिथला प्रवासी आधी बोटीचे तिकीट काढतो आणि मग बाकीचा प्रवास तिच्याभोवती रचतो. भाड्याची गाडी असेल तर ती समुद्रापार न्यायची परवानगी आधी घेतो. भारतीय पाहुण्याला आणखी एक काम असते. आयर्लंड आणि ब्रिटन हे दोन देश, दोन चलने. सीमेवर कुणी अडवत नसले तरी व्हिसाचे दोन्ही बाजूंचे नियम आधी नीट वाचावे लागतात. त्यातल्या त्यात सुख म्हणजे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची.

या मंडळींनी किनाऱ्याचे रस्ते विकायचे कसे, हेही दाखवून दिले आणि विकल्यावर काय होते तेही. आयर्लंडने २०१४ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या जुन्याच रस्त्यांना ‘वाइल्ड अटलांटिक वे’ असे नाव देऊन सुमारे अडीच हजार किलोमीटरचा मार्ग जाहीर केला. नवा महामार्ग बांधला नाही, पाट्या लावल्या, थांबे ठरवले आणि नकाशा हातात दिला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडने उत्तरेकडच्या आडवळणी रस्त्यांचा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा ५१६ मैलांचा, म्हणजे साधारण ८३० किलोमीटरचा फेरा पुढे आणला. तो इतका गाजला की एकपदरी रस्त्यांवर घराएवढ्या गाड्यांची कोंडी होऊ लागली, भरधाव पाहुणे आणि मागे उरणारा कचरा यांनी गावकरी त्रासले. ‘फोडर्स’ या प्रवासप्रकाशनाने २०२५ साठीच्या ‘सध्या जाऊ नका’ यादीत त्याचे नाव घातले. लांबी पाहा, ८३० किलोमीटर. आपल्या शक्तिपीठ महामार्गाइतकीच जवळपास. तिथले जाणकार सांगतात, आठवडा तरी काढा. आपण सांगतो, आठ तास. दोन्ही रस्त्यांचे काम वेगळे आहे हे खरे. पण समुद्र पाहायला निघालेल्या माणसाला कोणता हिशेब सांगायचा, हे तरी ठरवायला हवे.

कोकणातही आता पूल येऊ घातले आहेत. रेवस-रेड्डी मार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळातली. चार दशके ती तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकली. आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर अशा खाड्यांवरचे पूल हाती घ्यायचे ठरवले आहे. बाणकोटचा पूल तर आधी सुरू होऊन वर्षानुवर्षे अर्धवट उभा राहिला, नुसते खांब पाहत लोक बोटीने जात राहिले. हे पूल व्हायलाच हवेत. बाळंतीण बाईला रात्री दवाखान्यात न्यायचे असेल, आंब्याच्या पेट्या वेळेत बाजारात पोचवायच्या असतील, तर बोटीच्या वेळा बघत बसा असे कोकणातल्या माणसाला सांगणारे पाहुणे कोण?

प्रश्न पुलानंतरचा आहे. पूल झाला की बोट बंद, हे आपल्याकडे गृहीत धरले जाते. स्कॉटलंडच्या स्काय बेटाचे उदाहरण त्यासाठी बघावे. १९९५ मध्ये बेटाला जोडणारा पूल झाला आणि त्याच्या तोंडावरची मोठी बोट बंद पडली. पण थोड्या दक्षिणेला ग्लेनेल्ग आणि कायलरी यांच्यामधली चिमुकली बोट आजही उन्हाळ्यात चालते. १९६९ मध्ये बांधलेली ही बोट एका खेपेला सहा गाड्या नेते. तिचा वरचा पाट फिरता आहे, आणि तो खलाशी हाताने ढकलून वळवतात, म्हणजे गाडी एका बाजूने चढते आणि पाट फिरवून दुसरीकडे उतरवता येते. गावकऱ्यांनीच संस्था करून ती विकत घेतली. पूल हाकेच्या अंतरावर नसला तरी फुकट आहे, वेगवान आहे. तरीही लोक मुद्दाम घाट उतरून पैसे देऊन या बोटीत बसतात.

दाभोळ आणि जयगडला हे होण्यासारखे आहे. पुलाच्या निविदेतच एक ओळ घालावी: पूल सुरू झाल्यावरही निदान सुटीच्या हंगामात बोटसेवा चालू राहील, आणि तिच्यावर आज काम करणाऱ्या खलाशांना त्यात पहिला हक्क मिळेल. पाच-पंचवीस हजार कोटींच्या कामात हा खर्च दिसणारही नाही. धक्क्यांचा कारभार पाहणाऱ्या सागरी मंडळाने आजच करण्यासारखी कामे तर त्याहून स्वस्त आहेत. चारही खाड्यांच्या बोटींच्या वेळा, दर आणि बंद असल्याची खबर एका ठिकाणी मराठीत मिळाली पाहिजे. पवनारच्या माणसाने चार वेगवेगळे फोन नंबर शोधत का बसावे?

राहिला बेत. खुद्द पवनारात लांबच्या प्रवासाचा एक आदर्श घालून दिलेला आहे, तो आजच्या घाईत आठवायला हरकत नाही. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, म्हणजे मूळचा हा कोकणचा माणूस. १९३८ मध्ये प्रकृती ढासळलेली असताना ते धाम नदीकाठी राहायला आले. मार्च १९५१ मध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनाला निघाले, सुमारे तीनशे मैल, पायी. परतीच्या वाटेवर १८ एप्रिलला पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात नियोजन आयोगाशी बोलण्यासाठी नेहरूंनी दिल्लीला बोलावले, तेव्हाही ते पवनारहून पायीच निघाले आणि दोन महिन्यांनी पोहोचले. रोजचा टप्पा दहा-बारा मैलांचा, उठणे पहाटेआधी, आणि पुढचा मुक्काम ठरलेला. संमेलन आणि दिल्ली ही निमित्तेच ठरली, घडले ते सगळे मधल्या मुक्कामांत. कोकणला पायी जा असे कुणी सांगत नाही. पण रोजचा टप्पा लहान ठेवायचा, हे तरी घेण्यासारखे आहे.

म्हणजे प्रत्यक्षात काय? पहिला दिवस समृद्धीला द्यावा आणि तो उजेडीच संपवावा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जणांचा बळी गेला. सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्री डोळा लागतो, त्याला चालकाची हुशारी उपाय नाही. शिर्डी किंवा नाशिकच्या आसपास मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी आमण्याला उतरून पनवेल-पेण गाठताना मुंबईच्या कडेची वाहतूक अर्धा दिवस खाते, हे धरून चालावे. वाटेत गागोदे पाहून अलिबागला पोचले तरी पुरे. मग पुढचे चार दिवस अलिबाग ते गुहागर, त्यात तीन खाड्या. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तो चुकवू नये. मासे न खाणाऱ्यांनीसुद्धा. गणपतीपुळ्याच्या दक्षिणेचा किनारा पुढच्या वर्षी. तिकडच्या बहुतेक खाड्यांवर पूल झाले आहेत, त्यामुळे विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असा प्रवास तुलनेने सोपा. आणि तिथे जायला तुळजापूर-कोल्हापूरची वाट सोयीची. दोन वर्षांत एक किनारा, हे गणित मुलांना पटवणे कठीण आहे. आज्यांना लगेच पटते.

आणखी एक पर्याय फारसा कुणी मनावर घेत नाही. गाडी घरी ठेवावी. नागपूर-मडगाव अशी आठवड्यातून दोनदा धावणारी एक गाडी गेली काही वर्षे वर्ध्यावरून सोडली जाते. ती अजून ‘विशेष’च आहे, तिची मुदत दर वेळी वाढवून घ्यावी लागते, त्यामुळे सुट्यांचा बेत सहा महिने आधी आखणाऱ्याला तिचा भरवसा धरता येत नाही. ती नियमित झाली, तर चिपळूण किंवा कुडाळला उतरून तिथलीच गाडी चालकासह ठरवता येईल. त्या चालकाला जेटीवर गाडी उलटी घ्यायची सवय असते, भरती-ओहोटीची वेळ पाठ असते, आणि दाभोळची बोट आज का थांबली आहे हे तो चहा संपायच्या आत कुणाला तरी विचारून येतो. विदर्भातल्या खासदारांनी शक्तिपीठाइतकाच आग्रह या गाडीसाठी रेल्वेकडे धरला, तर किनाऱ्याची वाट याच सुट्यांत जवळची होऊ शकेल.